अमेरिकेचा गुंतवणूकदार व्हिसा: खान्देशातील कुटुंबांनी पैशाचा माग कसा तयार ठेवावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील केळी बागायतदार, जिनिंग व डाळ मिलचे मालक आणि सराफ यांच्या घरची मुले अमेरिकेत एमएस करून नोकरीला लागली, की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत आणि भारतीयांसाठीची ग्रीन कार्डची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, लांबलचक रांग यांमुळे गुंतवणुकीच्या बदल्यात ग्रीन कार्ड देणाऱ्या ईबी-५ व्हिसाचा विषय घरात निघतो. पैसे उभे करता येतील का, हाच प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. प्रत्यक्षात अर्ज अडतो तो पैसा कोठून आला हे कागदावर दाखवता येत नाही म्हणून. त्यामुळे तयारीची सुरुवात एजंटाच्या कार्यालयातून न करता तलाठी कार्यालयातून आणि आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून करावी.

ईबी-५ हा मार्ग अमेरिकेने १९९० मध्ये सुरू केला. मार्च २०२२ च्या सुधारणा कायद्यानुसार किमान गुंतवणूक १० लाख ५० हजार डॉलर आहे. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारी असलेल्या भागातील प्रकल्पासाठी ती ८ लाख डॉलर आहे. प्रत्येक गुंतवणुकीतून किमान दहा पूर्णवेळ रोजगार निर्माण झाले पाहिजेत. अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना आधी दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते आणि अटी पूर्ण झाल्याचे दाखवल्यावर ते कायम होते. ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के व्हिसा राखीव आहेत, तर अनारक्षित गटात भारतीयांना थांबावे लागते. म्हणून प्रकल्प निवडताना तो कोणत्या गटात मोडतो हे आधी विचारावे. अनेक गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करणाऱ्या रीजनल सेंटर योजनेला सध्या ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे. ती पुढे वाढली नाही तरी ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना कायद्याने संरक्षण दिले आहे.

अर्जदार कोण, हे नंतर ठरवण्यासारखे नाही. मिल किंवा बागायत सांभाळणाऱ्या वडिलांनी अर्ज केला, तर त्यांना खरोखर अमेरिकेत वास्तव्य करावे लागेल, कारण ग्रीन कार्ड घेऊन वर्षातील बहुतेक काळ रावेरला किंवा चोपड्याला काढणाऱ्याचे कार्ड धोक्यात येते. मुलगा किंवा मुलगी सज्ञान असेल, तर त्याने किंवा तिने अर्जदार व्हावे आणि आई-वडिलांनी रक्कम बक्षीस म्हणून द्यावी, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. मात्र बक्षीस दिले म्हणून पैशाच्या उगमाचा प्रश्न सुटत नाही. तो देणाऱ्याच्या दाराशी येतो आणि आई-वडिलांची सगळी कागदपत्रे तपासली जातात.

या कागदपत्रांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. अमेरिकेतील यंत्रणा सात वर्षांची करविवरणपत्रे मागते. शेतीचे उत्पन्न आपल्याकडे करमुक्त असल्यामुळे अनेक बागायतदार विवरणपत्र भरतच नाहीत किंवा त्यात शेतीचा आकडा अंदाजाने टाकतात. हे आजच थांबवावे. केळीचा माल गेला की व्यापाऱ्याकडून मिळालेली पट्टी, बँकेत जमा झालेली रक्कम आणि सातबारावरील पीकपाहणीची नोंद ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. पट्टीवर एक रक्कम, खात्यात त्यापेक्षा कमी आणि उरलेली मजुरीत रोख खर्च झाली असेल, तर ती उरलेली रक्कम गुंतवणुकीच्या हिशेबात धरता येणार नाही.

जमीन विकून पैसा उभा करणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते. खरेदीखतात दाखवलेली किंमत आणि प्रत्यक्षात हाती आलेली रक्कम यांत फरक असेल, तर वरची रोख या कामासाठी निरुपयोगी आहे, इतकेच नव्हे तर ती मध्ये घुसवल्याने संपूर्ण अर्ज संशयास्पद ठरू शकतो. व्यवहार पूर्ण किमतीचा आणि बँकेमार्फतच करावा. जमीन वडिलोपार्जित असल्यास आजोबांपासूनचे फेरफार, वारसनोंद, वाटणीपत्र आणि आठ-अ चे उतारे काढून ठेवावेत. सातबारावर आजोबांचे नाव एका प्रकारे, पॅन कार्डवर वडिलांचे दुसऱ्या प्रकारे आणि पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग तिसऱ्याच प्रकारे, हे आपल्याकडे घरोघरी आढळते. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे. जुने दागिने विकायचे असतील, तर सराफाचे पक्के बिल आणि धनादेशाने मिळालेली रक्कम तर हवीच, पण दागिने घरात कसे आले याचा पुरावाही हवा, आणि तेथे मृत्युपत्र किंवा संपत्ती कर रद्द होण्यापूर्वीची जुनी विवरणपत्रे उपयोगी पडतात. प्रत्येक मराठी कागदासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा लागू होते. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. म्हणून आई आणि वडील या दोघांनी मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा रक्कम पाठवली, तर दोन आर्थिक वर्षांत मिळून १० लाख डॉलरपर्यंत मजल जाते. मर्यादा वाढवण्यासाठी काका-मामांच्या खात्यांतून पैसे फिरवू नयेत. या कामासाठी बँकेला कर्जही देता येत नाही. प्रत्येक व्यक्तीच्या वर्षाला दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे उगमाशी गोळा होणारा कर, कापते; डॉलर ९० रुपये धरला, तर ८ लाख डॉलर चार हप्त्यांत पाठवताना सुमारे १ कोटी ३६ लाख रुपये विवरणपत्र भरून वळते होईपर्यंत अडकून राहतात. ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी.

प्रकल्पाची निवड करताना परताव्याची हमी देणाऱ्याकडे पाठ फिरवावी, कारण कायद्यानुसार गुंतवणूक जोखमीत असलीच पाहिजे आणि हमी दिलेली गुंतवणूक या व्हिसासाठी पात्रच ठरत नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील ‘जे पीक’ नावाच्या स्की रिसॉर्ट प्रकल्पावर अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१६ मध्ये गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याचा खटला भरला होता. त्यानंतर झालेल्या २०२२ च्या कायद्याने दलालांना नोंदणी करणे आणि आपले कमिशन उघड करणे बंधनकारक केले. नाशिक किंवा पुण्याच्या हॉटेलात सादरीकरण करणाऱ्या सल्लागाराकडे आय-९५६के या नोंदणीचा पुरावा आणि प्रकल्पाच्या आय-९५६एफ अर्जाची पोच मागावी. अर्ज नामंजूर झाल्यास मूळ रक्कम कोण, किती दिवसांत परत करणार, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नये. वकील प्रकल्पाने सुचवलेला न घेता आपला स्वतंत्र नेमावा.

इतर देशांचे मार्ग झपाट्याने बंद होत आहेत. कॅनडाने आपली केंद्रीय गुंतवणूकदार योजना २०१४ मध्ये, ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये, आयर्लंडने २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये गुंडाळली. दुबईत २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा निवास मिळतो, पण नागरिकत्व नाही. अमेरिकेचा स्वस्त ई-२ व्हिसा, म्हणजे व्यवसायात गुंतवणूक करणाऱ्यांचा तात्पुरता व्हिसा, भारतीयांना मिळत नाही. ग्रेनाडा या कॅरिबियन देशाचे नागरिकत्व विकत घेऊन तो मिळवण्याची वाट दाखवली जाते, पण आता त्यासाठी तेथे तीन वर्षे वास्तव्य दाखवावे लागते.

कराचा आणि जमिनीचा विचार अर्ज दाखल करण्यापूर्वीच करावा. ग्रीन कार्डधारकाच्या जगभरातील उत्पन्नावर अमेरिका कर आकारते, त्यामुळे भारतात करमुक्त असलेले केळीचे उत्पन्न मुलाच्या नावावर असेल, तर तेथे ते करपात्र होते. परदेशात स्थायिक झालेल्या व्यक्तीला भारतात शेतजमीन विकत किंवा बक्षीसपत्राने घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळते. भावंडांत वाटणी व्हायची असेल, तर वाटणीपत्र आणि मृत्युपत्र यांपैकी काय करावे, हे फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, जाणणाऱ्या वकिलाला विचारून ठरवावे आणि त्यानंतरच पहिला हप्ता पाठवावा.