फ्रंट एक्सल खोलताय? या चुका टाळा

‘नवीन सील टाकलं, महिन्याभरात परत गळायला लागलं.’ हे रडगाणं मी इतक्यांदा ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चाक फिरवणारा शाफ्ट आत घालताना उचलून धरला होता का? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही.

बंद नकलच्या, म्हणजे चाक वळवणारा सांधा गोल कवचात झाकलेला असतो अशा, एक्सलमध्ये आतलं ऑइल सील हाउसिंगच्या तोंडाशी बसतं. डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) तेल आणि नकलमधलं ग्रीस वेगळं ठेवणं एवढंच त्याचं काम. शाफ्टच्या टोकावरचे दात, म्हणजे स्प्लाइन, याच सीलमधून आत जातात. शाफ्ट जड असतो, जरा झुकला की दात रबराच्या ओठावर घासतात आणि नवं कोरं सील गाडी जमिनीवर यायच्या आत फाटलेलं असतं. मग तेल नकलमध्ये उतरतं, ग्रीसचा काळा चिखल होतो आणि दोष सीलच्या कंपनीला.

मी काही जन्मतः शहाणा नव्हतो. माझ्याच गाडीचं एकाच बाजूचं सील मी तीनदा बदललं. पहिल्यांदा घाई नडली. दुसऱ्यांदा अगदी जपून बसवलं, तरी गळलं. तिसऱ्यांदा एक्सल पुन्हा उघडून डोकं धरून बसलो असताना सहज ब्रीदरची नळी काढून फुंकली. हवा जाईचना! आत वाळलेला चिखल ठासून भरलेला. एक्सल तापला की आतली हवा फुगते; तिला वाट मिळाली नाही तर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. उलट तापलेला एक्सल ओढ्यात उतरवला की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेव्हापासून पहिला बोल्ट सैल करायच्या आधी मी ब्रीदर फुंकतो. सील जिथे घासतं त्या जागी शाफ्टवरून नखही फिरवतो. नख अडकलं तर नुसतं सील बदलणं फुकट.

डिफरन्शियलचं तेल सोडण्याआधी भरायचं बूच उघडतंय का ते बघा.

किंगपिनच्या (नकल जिच्यावर वळते त्या खिळीच्या) शिम, म्हणजे पातळ चकत्या, एका डब्यात टाकणाऱ्यांना मी हात जोडतो. डावी-उजवी, वरची-खालची, चारही गड्ड्या वेगळ्या बांधायच्या. बेअरिंग नवी टाकली तरी त्याच शिमपासून सुरुवात करा, पण शेवट काट्यावर: शाफ्ट आणि नकलचं बाहेरचं सील बसवण्याआधी, टायरॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) सोडून, स्प्रिंगकाट्याने नकल ओढून बघायची. ती फिरायला किती ओढ लागावी, तो आकडा मॅन्युअलमधला. ‘हाताला बरोबर लागतंय’ हे मी स्वतःच्या हातालाही म्हणू देत नाही.

हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट छिन्नी-हातोड्याने फिरवणारे उस्ताद अजून आहेत. त्या कडांवर पुढच्या माणसाचा पाना बसत नाही, आणि लोखंडाचा कीस बेअरिंगमध्ये जातो तो वेगळाच. योग्य मापाचा बॉक्स पाना आणा. नट आवळताना हब दोन्हीकडे फिरवत राहा, नाहीतर बेअरिंगचे रोलर नीट बसत नाहीत. रोलर नवे आणि ते ज्यात फिरतात तो कप जुना, ही काटकसर तर करूच नका. ती जोडी असते.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणाऱ्याशी मी बोलतच नाही.

पहिल्या छोट्या फेरीनंतर दोन्ही हबना हात लावून बघा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर त्याच दिवशी उघडा, आणि उघडलंच आहे तर स्टिअरिंग आर्मचे नटही पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या.