लाल रंग दिसला म्हणून नाचू नका (फ्लोराईड रिसेप्टरवर काम सुरू करणाऱ्यांसाठी)

मी पांढरकवड्याकडचा. आमच्याकडं हापशीच्या पाण्यात फ्लोराईड, त्यामुळं माझ्यासकट वर्गातल्या कितीतरी पोरांचे दात पिवळे-तपकिरी. म्हणून पीएचडीला फ्लोराईड धरणारे रेणू (म्हणजेच रिसेप्टर) हा विषय दिसला तसा मी पटकन हो म्हणलं, वाटलं तीन-चार वर्षांत हापशीला लावायचं काहीतरी घेऊनच गावी जातो. तसं नसते बाप्पा.

पहिला रेणू नायट्रोवाला थायोयुरिया, बनवायला एकदम सोपा. डीएमएसओत (पाण्याऐवजी वापरायचं सॉल्व्हंट) विरघळवला, टीबीएएफचे (फ्लोराईड देणारं मीठ) दोन थेंब टाकले आन पिवळ्याचं लालभडक! क्लोराईड, ब्रोमाईडला ढिम्म. गाईडला रात्रीच फोटो पाठवला तर त्यांचा एकच प्रश्न, "टीबीए हायड्रॉक्साईड टाकून पाहिलं का?" म्हणजे फ्लोराईड नसलेला नुसता बेस. सकाळी टाकलं, तोच लाल. म्हणजे रेणूनं फ्लोराईड धरलंच नव्हतं, उलट फ्लोराईडनंच त्याच्या एनएचचा (नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा) प्रोटॉन ओढून नेला होता, कारण पाण्यात गरीब दिसणारा हा आयन डीएमएसओत चांगला दणकट बेस होतो. एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल दाखवणारी तपासणी) 16 पीपीएमच्या आसपास ट्रिपलेट, म्हणजे तीन टोकांचा सिग्नल, दिसला की समजा बायफ्लोराईड बनलंय, म्हणजे ओढलेला प्रोटॉन दोन फ्लोराईडच्या मधी बसलाय. ॲसिटेटपण टाकून पाहा, तेही असाच दगा देते.

मग त्याच लाल द्रावणात थोडं पाणी टाकलं. रंग गायब. खरी भानगड इथंच आहे. फ्लोराईडची त्रिज्या 1.33 अँगस्ट्रॉम, क्लोराईडची 1.81, एवढुसा असल्यानं पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगून बसतात आन आपल्या रेणूला आधी त्यांच्याकडून तो सोडवावा लागतो. त्यात पिण्याच्या पाण्याची मर्यादा 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे जेमतेम 0.08 मिलिमोलर, आन विहिरीच्या पाण्यात क्लोराईड-बायकार्बोनेट त्याच्या कितीतरी पट. नुसत्या हायड्रोजन बाँडवर तिथं भागत नाही; बोरॉन किंवा अँटिमनी असलेले, फ्लोराईडशी थेट बाँड करणारे रिसेप्टर वाचा, नाहीतर प्रोटॉन चढवलेले पिंजऱ्यासारखे क्रिप्टँड.

टीबीएएफ हवेतलं पाणी ओढते, वजन करून काढलेली काँसन्ट्रेशन खरी धरू नका. द्रावणं प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेत नको.

गावी गेलो की माय विचारते, "तुह्या औषधानं पाणी साफ होते का रे?" मी म्हणतो अजून नाही, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची, फ्लोराईड काढायची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धतच अजून माह्या रेणूपेक्षा लय स्वस्त हाये. ती म्हणते, "मंग तुरटीच आण ना येताना."