दुभाष्याचं काम : गेम इंजिनातलं रेजेक्स मॉड्यूल सांभाळताना

रेग्युलर एक्स्प्रेशन (थोडक्यात रेजेक्स) म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना, पॅटर्न, लिहिण्याची चिन्हांची भाषा. तिचं मॉड्यूल सांभाळायचं ठरलं तेव्हा मी आधी ऑटोमेटा आणि बॅकट्रॅकिंग या पॅटर्न जुळवण्यामागच्या सिद्धांतांवर मिळेल ते वाचून काढलं. वाचन वाया गेलं नाही, पण पहिली तक्रार समोर आली तेव्हा त्यातलं काहीच कामाला आलं नाही. तक्रार साधी होती: जुळणी बरोबर सापडते, फक्त ती कुठे संपते तो आकडा एका यंत्रावर एक येतो आणि दुसऱ्यावर दुसरा.

मी गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनाबद्दल बोलतोय. तिथे पॅटर्न जुळवणारा गाभा इंजिनाचा स्वतःचा नाही. गोडो २ च्या काळात त्यासाठी एनरेक्स नावाची छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) होती. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ३.० पासून ते काम पीसीआरई२ ही लायब्ररी करते. मॉड्यूल म्हणजे या लायब्ररीच्या आणि इंजिनाच्या स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) मध्ये बसलेला दुभाष्या. गाभा जुना आणि कसाला लागलेला आहे, त्यामुळे चुका बहुतेक दुभाष्याकडूनच होतात. नव्याने येणाऱ्यांनी आपलं लक्ष तिथे ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

त्या आकड्याचंच घ्या. गोडो ३ मध्ये स्ट्रिंगमधल्या एका घटकाची रुंदी ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून होती: विंडोजवर १६ बिट, लिनक्सवर ३२. एखादं इमोजी लिनक्सवर एक घटक व्हायचं आणि विंडोजवर दोन, म्हणून त्यानंतरची सगळी स्थानं एकाने सरकायची. पीसीआरई२ च्याही रुंदीप्रमाणे वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, आणि मॉड्यूलला १६ व ३२ अशा दोन्ही वाटा सांभाळाव्या लागायच्या. गोडो ४ मध्ये सगळीकडे ३२ बिट झाले आणि एक अख्खी वाट कोडमधून काढून टाकता आली. पण ३२ बिट झाले म्हणजे एक घटक म्हणजे एक अक्षर, असं समजू नका. ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं. स्ट्रिंगमध्ये ते क आणि वेलांटी असे दोन घटक आहेत, आणि पॅटर्नमधला ‘कोणताही एक’ अशा अर्थाचा टिंब त्यातला एकच उचलतो. अशी तक्रार आली तर कोड उघडण्याआधी हे तपासा.

दुसरी जागा शोधाच्या सुरुवातीची. शोध अमुक स्थानापासून सुरू करा असं सांगता येतं. नव्या माणसाला वाटतं की तेवढा पुढचा तुकडा कापून लायब्ररीला दिला की झालं. मलाही तसंच वाटलं होतं आणि कोडही सुटसुटीत दिसत होता. पण तुकडा कापला की ^ हे ‘सुरुवात’ दाखवणारं चिन्ह तुकड्याच्या तोंडाशी जुळतं, खऱ्या स्ट्रिंगच्या सुरुवातीशी नाही. शब्दाची सीमा ओळखायला मागचं अक्षर लागतं, तेही हरवतं. म्हणून अख्खी स्ट्रिंग द्यायची आणि सुरुवातीचं स्थान वेगळं सांगायचं. हा फरक मॉड्यूलच्या दस्तऐवजात नोंदवलेला आहे. तो परिच्छेद तीनदा वाचा.

रिकाम्या जुळणीने मला सर्वात जास्त शिकवलं. ‘अ*’ (म्हणजे शून्य किंवा अधिक ‘अ’) हा पॅटर्न ‘बअअब’ वर चालवा. सुरुवातीलाच शून्य लांबीची जुळणी मिळते. सगळ्या जुळण्या गोळा करणाऱ्या लूपने ‘मागची जुळणी संपली तिथून पुढे’ एवढंच पाळलं तर तो त्याच जागी अनंत काळ फिरत राहतो. माझ्या यंत्रावर मी ते अनुभवलं आहे. बरं, रिकामी जुळणी दिसताच थांबायचं ठरवलं तर पुढचा ‘अअ’ निसटतो. उपाय म्हणजे अशा वेळी एक घटक पुढे सरकायचं. मग चार जुळण्या मिळतात, त्यातल्या तीन रिकाम्या.

जुळलेल्या मजकुराची बदली करणाऱ्या फंक्शनमध्ये उत्तर ठेवायची जागा, म्हणजे बफर, आधी मूळ स्ट्रिंगच्या मापाने घेतलेला असतो. उत्तर त्याहून लांब निघालं तर लायब्ररी ‘जागा अपुरी’ असं सांगून लागणारी लांबी कळवते, मग बफर वाढवून पुन्हा हाक मारायची. त्यात एक घटक मुद्दाम जादा ठेवलेला आहे, कारण स्ट्रिंग संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य लायब्ररी मोजते की नाही हे तिच्या दस्तऐवजातून स्पष्ट होत नाही. तो ‘फालतू’ समजून काढू नका. जुन्या कोडमधल्या अशा एकेका ओळीमागे कुणाचा तरी खर्ची पडलेला दिवस असतो. शेजारची टिप्पणी वाचल्याशिवाय तिला हात लावू नये.

वेगाबद्दल बोलायचं तर सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ‘(क+)+$’ (+ म्हणजे एक किंवा अधिक, $ म्हणजे शेवट) हा पॅटर्न पुष्कळ ‘क’ आणि शेवटी एक ‘ख’ असलेल्या स्ट्रिंगवर चालवला की प्रत्येक जादा ‘क’ला काम जवळपास दुप्पट होतं आणि गेम गोठतो. पीसीआरई२ मध्ये जुळवून पाहण्याच्या प्रयत्नांना आवर घालणारी मर्यादा आहे, कुणी बदलली नाही तर १ कोटीची. ती ओलांडली की लायब्ररी जो त्रुटी-क्रमांक देते तो ‘जुळलं नाही’ यापेक्षा वेगळा असतो. गेम लिहिणाऱ्याच्या हाती मात्र दोन्ही वेळा रिकामाच निकाल येतो. तक्रार तपासताना म्हणून डीबगरमध्ये (कोड पायरीपायरीने तपासण्याच्या साधनात) तो क्रमांक बघायचाच.

लायब्ररीची नवी आवृत्ती आणणं हे कंटाळवाणं पण जबाबदारीचं काम. बाहेरच्या कोडच्या फोल्डरमध्ये फायली जशाच्या तशा बदलायच्या, आवृत्ती नोंदवायची, तिथे स्वतःची सुधारणा घुसडायची नाही.

सुरुवात कुठून करावी असं मला विचारलं जातं. टेस्टचा (कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) पर्याय चालू ठेवून इंजिन बिल्ड करा आणि फक्त रेजेक्सच्या टेस्ट चालवा. मग मिटलेली एखादी जुनी तक्रार निवडा, तिच्यावरची दुरुस्ती आपल्या प्रतीत उलटवा आणि कोणती टेस्ट पडते ते पाहा. एकही पडली नाही, तर ती टेस्ट लिहून पाठवा. तुमची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे प्रकल्पात बदल घ्यावा अशी विनंती, तीच.