रिमोटवरून ग्राफिक्स कार्ड दिसत नाही? या चुका टाळा

सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की मुंबईतल्या रेंडरिंगवाल्यांना (संगणकावर थ्रीडी चित्रं तयार करणाऱ्यांना) ऑफिसचं मशीन घरून चालवावं लागतं. मग फोन सुरू होतात. "कार्ड उडालं वाटतं, सॉफ्टवेअरला दिसतच नाहीये." कार्ड उडालेलं नसतं. ऑफिसात ते ठणठणीत असतं. तुम्ही ज्या वाटेने मशीनमध्ये शिरलात, त्या वाटेवरून ते दिसत नाही, एवढंच. पण हे समजून घ्यायला पाच मिनिटं थांबायची तयारी कुणाची नसते, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

कार्ड दिसलं नाही म्हणून ड्रायव्हर उडवणं

माझ्या डोक्यात जाणारी चूक ही.

लोअर परळच्या एका गाळ्यात इमारतींची थ्रीडी चित्रं बनवणारं एक छोटं ऑफिस आहे. तिथली मशीन मी बघतो. एका पावसाळ्यात लोकल बंद पडल्या, सगळे घरी अडकले आणि बिल्डरला सकाळी चित्रं द्यायची होती. बदलापूरला राहणाऱ्या एका मुलाने विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने ऑफिसचं मशीन उघडलं. विंडोज ७ आणि एनव्हिडियाचं जीफोर्स कार्ड. रेंडरर, म्हणजे चित्र तयार करणारं सॉफ्टवेअर, म्हणाला, कुडा (कार्डावर आकडेमोड करायची एनव्हिडियाची पद्धत) चालवणारं कार्ड सापडलं नाही. मुलाने यूट्यूबवर शोधलं. तिथे सांगितलेलं: ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुळापासून साफ करा. त्याने साफ करणारं टूल उतरवलं. त्या टूलने सुचवलं, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या भागांवर चालतं त्या अवस्थेत) जा. त्याने होकार दिला.

मशीन सेफ मोडमध्ये चालू झालं आणि तिथेच बसलं. साध्या सेफ मोडमध्ये नेटवर्क नसतं, म्हणजे रिमोटही नाही. गाळ्याला कुलूप, रस्त्यावर पाणी. रात्री मला फोन: "सर, आता तर मशीनच येत नाहीये." दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी पोचलो, साधं रीस्टार्ट केलं, ड्रायव्हर परत टाकला आणि त्याच खुर्चीत बसून रेंडरर उघडला. कार्डाचं नाव यादीत पहिल्याच ओळीत. बिघडलेलं काहीच नव्हतं. बिल्डरचा दिवस मात्र गेला, आणि त्या मुलाने जी बोलणी खाल्ली त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

तर ऐका. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप तुम्हाला ऑफिसच्या स्क्रीनचं नुसतं चित्र पाठवत नाही. ते तुमचं सेशन (तुमच्या लॉगिनचं चालू काम) खऱ्या मॉनिटरपासून सोडवतं आणि त्याला स्वतःचा आभासी डिस्प्ले जोडतं. विंडोज ७ पर्यंत अशा सेशनमधून जीफोर्सच्या ड्रायव्हरपर्यंत पोचताच यायचं नाही, म्हणून कुडा आणि त्याच्याच कामाचं ओपनसीएल, दोन्हींना कार्डं शून्य दिसायची. बॉइंक (विज्ञान प्रकल्पांना आपल्या मशीनची ताकद देणारं सॉफ्टवेअर) चालवणारे लोक हे फार आधी शिकले. तिथे तर बॉइंक विंडोज सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे चालणारं, टाकलं तरी कार्ड हातचं जातं. विंडोज १० पासून कुडाची परिस्थिती बरीच सुधारली आहे, पण जुनी मशीन अजून गाळ्यागाळ्यांत चालू आहेत.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी माझी सवय ठरलेली आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, 'क्वेरी सेशन' ही कमांड द्यायची आणि माझ्या नावासमोर काय लिहिलंय ते बघायचं. 'कन्सोल' असेल तर मी खऱ्या स्क्रीनवर आहे. 'आरडीपी-टीसीपी' असं काही असेल तर मी रिमोट सेशनमध्ये आहे, आणि पहिला संशय ड्रायव्हरवर नाही, त्या सेशनवर घ्यायचा. मग मी व्हीएनसीने आत जातो. व्हीएनसी, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही सगळी कन्सोलचीच स्क्रीन दाखवतात, त्यामुळे कार्ड जसंच्या तसं दिसतं. लोअर परळच्या त्या मशीनवर मी तेव्हापासून टाइटव्हीएनसी ठेवलंय आणि ते फक्त व्हीपीएनमधूनच (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित वाटेनेच) उघडतं.

यावरून आठवलं: रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट, म्हणजे त्याचं नेटवर्कवरचं दार, राउटरवरून थेट इंटरनेटला उघडून ठेवू नका. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं होतं, ते याच सेवेतलं, आणि विंडोज ७ त्यात होतंच.

कुडा आणि ओपनजीएल एकच समजणं

विंडोज १० वर कुडा चालतंय, तरी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडत नाही, ही तक्रार वेगळी आहे. कुडा आकडेमोडीसाठी आहे, पण ब्लेंडरची खिडकी सहसा ओपनजीएलवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायच्या पद्धतीवर, काढली जाते. जीफोर्सवर रिमोट डेस्कटॉपमधून बऱ्याच काळापर्यंत फक्त मायक्रोसॉफ्टचं जुनं, सॉफ्टवेअरवर चालणारं ओपनजीएल १.१ मिळायचं. एनव्हिडियाने २०२० मध्ये यासाठी एक छोटं टूल दिलं. ऑफिसच्या मशीनवर ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एकदा चालवायचं, रीस्टार्ट करायचं, झालं. एनव्हिडियाचं व्यावसायिक क्वाड्रो कार्ड असणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही.

टीसीसी मोड ऐकीव माहितीवर लावणं

एनव्हिडियाच्या टेस्ला (खास आकडेमोडीच्या) आणि बऱ्याच क्वाड्रो कार्डांना टीसीसी मोड असतो. तो लावला की विंडोज त्या कार्डाला डिस्प्ले कार्ड समजतच नाही, त्यामुळे रिमोट डेस्कटॉपमधूनही कुडा सुखाने चालतं. पण त्या कार्डावर मॉनिटर चालत नाही. स्क्रीनसाठी दुसरं कार्ड किंवा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आहे का ते आधी बघा. जीफोर्सवर हा मोड नाही, तेव्हा तो चालू करायच्या युक्त्या शोधत रात्र घालवू नका.

'सेशन कन्सोलला फेकणारी' बॅच फाइल

हा शॉर्टकट मला मुळीच आवडत नाही. डेस्कटॉपवर 'टीएसकॉन' कमांडची एक बॅच फाइल ठेवायची, डबल क्लिक करायचं, की तुमचं रिमोट सेशन तुटतं आणि ऑफिसच्या मॉनिटरवर जाऊन बसतं. कार्ड परत मिळतं, हे खरं. पण ते सेशन अनलॉक अवस्थेत तिथे उघडं राहतं. तुम्ही डोंबिवलीत जेवायला बसलात आणि ऑफिसात तुमची मेल, क्लायंटच्या फायली, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. नवीन मुलं हे मोठ्या अभिमानाने दाखवतात. ऑफिसात इतर माणसं असतील तर हे वापरू नका. व्हीएनसी टाकायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढी काढा.

टीडीआर बंद करणं

कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. यालाच टीडीआर म्हणतात. मोठं कुडा काम याच्यामुळे मधेच पडतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) 'टीडीआर-डीले' वाढवून ही मुदत लांबवता येते. मी साठ सेकंद ठेवतो. काही जण वैतागून टीडीआर पूर्णच बंद करतात. मशीन समोर असेल तर ठीक, अडकलं तर बटण दाबाल. रिमोटवर असताना ते बटण दाबायला कोण जाणार आहे?

टास्क मॅनेजरचा आलेख बघून घाबरणं

तिथे कार्डाचा आलेख सुरुवातीला 'थ्रीडी'चा असतो. कुडाचं काम त्यात दिसत नाही, म्हणून शून्य टक्के बघून लोक चालू रेंडर बंद करतात. आलेखाच्या नावावर क्लिक करून 'कुडा' निवडा. ते सापडत नसेल तर ड्रायव्हरसोबत येणारं, कार्डावर किती काम चालू आहे ते सांगणारं एनव्हिडिया-एसएमआय चालवा.

बाकीच्या छोट्या

मॉनिटर काढलेल्या मशीनवर व्हीएनसीत काळी किंवा इवलीशी स्क्रीन दिसते. लॅमिंग्टन रोडवर मॉनिटर जोडल्याचा भास करून देणारा एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, तो कार्डाला लावून ठेवा.

काम संपवताना 'साइन आउट' करू नका, रेंडर त्याच्यासोबत मरतो. रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती बंद करा.

लिनक्सवर असाल तर कुडाला स्क्रीन लागतच नाही. एसएसएचने (नुसत्या कमांडच्या रिमोट वाटेने) जा, टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या टूलमध्ये) काम लावा, रिमोट डेस्कटॉप विसरा.

ऑफिसातून निघण्याआधी पॉवर सेटिंगमधलं स्लीप 'कधीच नाही' करा. आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वीज गेल्यानंतरचा पर्याय 'चालू' वर ठेवा, म्हणजे रात्री वीज जाऊन आली आणि यूपीएसने दम टाकला, तरी मशीन आपोआप उठेल.