व्हीएचएफवर ऐकू येतं, पण आपली हाक पोचत नाही: माझा अनुभव

शिडाची छोटी बोट, २५ वॅटचा व्हीएचएफ सेट (बोटीवरचा बोलण्याचा रेडिओ), ॲन्टेना डोलकाठीच्या टोकाला. चॅनेल १६ (हाक मारायचा सामाईक चॅनेल) स्वच्छ ऐकू यायचा, पण मांडव्याहून निघाल्यावर मैलभर पुढच्या बोटीलाही माझी नुसती खरखर.

माइक बदलला, बॅटरी बदलली. सेट मित्राच्या बोटीवर ठणठणीत चालला. दोन रविवार फुकट.

मग सेट आणि ॲन्टेनाच्या केबलच्या मध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावला; सेटची किती ताकद ॲन्टेनाकडून परत फिरते ते तो दाखवतो, आकडा १ च्या जवळ तितका चांगला (मरीन व्हीएचएफला चालणाराच, सीबी म्हणजे वेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या रेडिओचा नको). मोकळा चॅनेल, १ वॅट, दोन सेकंद बटण: आकडा ३ च्या वर. डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या केबलच्या पीएल-२५९ जोडाची (स्क्रूचा कनेक्टर) टेप सोलली. आत हिरवा कळंक, केबलच्या मधल्या तारेभोवतीची जाळी काळीठिक्कर.

सेट बंद केला. जाळी तांबूस दिसेपर्यंत केबल कापली, वीतभर गेली. नवा जोड, मधली तार आणि जाळी दोन्हींना सोल्डर. केबलची दोन्ही टोकं मोकळी ठेवून मल्टिमीटरने शॉर्ट (मधली तार जाळीला टेकली आहे का) तपासला. ॲन्टेना जोडलेला असताना तपासू नका, बरेच मरीन ॲन्टेना मुळातच शॉर्ट दाखवतात. जोड घट्ट आवळून वर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, ताणून, खालून वर.

मीटर: १.३. आता गेटवेजवळची मित्राची बोट पहिल्या हाकेला ओ देते.