जोडीदाराच्या प्रीएम्प्टला उत्तर देताना या चुका टाळा

ब्रिजमध्ये जोडीदाराने ३ इस्पिक असा प्रीएम्प्ट केला, म्हणजे रंग लांब पण ताकद कमी असताना समोरच्यांची जागा अडवायला एकदम वरच्या बोलीने सुरुवात केली, की त्याच्याकडे काय आहे, हे तुम्हाला जवळपास पूर्ण कळलेले असते. इस्पिकची सात पाने, त्यांत थोडा दम आणि बाहेर फारसे काही नाही. २ बदाम किंवा २ इस्पिकची कमकुवत सुरुवात असेल, तर सहा पाने आणि साधारण ६ ते १० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). त्याने सगळे एका बोलीत सांगून टाकलेले असते. तुमच्याकडे काय आहे, याचा मात्र त्याला पत्ता नसतो. त्यामुळे पुढचा निर्णय एकट्या तुमचा असतो आणि तो घेताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: आपण पॉइंट मोजतो, हात (ट्रिक) मोजत नाही.

एक उदाहरण पाहू. जोडीदार ३ इस्पिक बोलला आहे. त्याच्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, १०, ७, ४, २ आहेत आणि बाकी तीन रंगांत दोन-दोन किरकोळ पाने. तुमच्याकडे इस्पिकची एकटी पंजी, बदामचे राजा-राणी-गुलाम-४, चौकटचे राजा-राणी-७-३ आणि किलवरचे राजा-राणी-गुलाम-२ आहेत. एकूण १७ पॉइंट. इतके पॉइंट हाती असताना पास म्हणायला जीभ रेटत नाही, आणि बहुतेक जण ४ इस्पिक बोलून मोकळे होतात. आता हात मोजा. चारही एक्के समोरच्यांकडे आहेत, म्हणजे चार हात गेलेच. नऊ होतात, ४ इस्पिकला लागणारे दहा होत नाहीत.

याच जोडीदारासमोर दुसरी पाने ठेवू: इस्पिकचे एक्का-८-५, बदामचे एक्का-९-७-४-२, चौकटचे एक्का-९-६-३ आणि किलवरची एकच पंजी. पॉइंट फक्त १२. पण इस्पिकचे सात हात, बदाम आणि चौकटचे दोन एक्के, आणि एकदा किलवर देऊन दुसरे किलवर डमीत, म्हणजे टेबलावर उघडलेल्या तुमच्या पानांत, हुकमाने मारले की दहावा. समोरच्यांनी पहिल्या पानापासून हुकूम खेळायला सुरुवात केली, तरी डमीत एक हुकूम शिल्लक राहतोच. प्रीएम्प्टला उत्तर देताना एक्के, हुकमाचा आधार आणि आखूड रंग यांची किंमत वाढते, तर राण्या-गुलामांची घसरते. कारण त्या पानांना हात मिळवायला जो वेळ लागतो, तो समोरचे देत नाहीत. कमकुवत दोनच्या सुरुवातीसाठी 'सतराचा नियम' म्हणून एक ठोकताळा वापरला जातो: आपले पॉइंट आणि जोडीदाराच्या रंगातली आपली पाने यांची बेरीज सतरा किंवा अधिक भरली, तर गेम (बोनस मिळवून देणारी बोली, इथे चारची) बोलावा. ठोकताळा म्हणून तो बरा आहे. मात्र पॉइंट एक्क्यांचे आहेत की राण्यांचे, हे तो विचारत नाही, ते तुम्हीच विचारायचे.

दुसरी चूक जोडीदाराला 'वाचवण्याची'. तो ३ बदाम बोलला, तुमच्याकडे बदामची एकटी चौकी आणि इस्पिकची सहा पाने आहेत: राणी, गुलाम, ९, ८, ६, ३. बाहेर चौकटचा राजा आणि किलवरची राणी. अशा वेळी ३ इस्पिक बोलण्याचा मोह होतो. पण तुमचा रंग हुकूम झाला, तर त्याची बदामची लांब रांग जवळजवळ वाया जाते. बदाम हुकूम असले, तर तुमच्या चौकटच्या राजाचा तरी काही उपयोग होतो. शिवाय बहुतेक जोड्यांच्या पद्धतीत प्रीएम्प्टवरचा नवा रंग फोर्सिंग असतो, म्हणजे जोडीदाराला पास करण्याची मुभा नसते आणि तो ४ बदामवर जाऊन पोहोचतो. अशा पानांवर पास करा, तोही चटकन. पाच मिनिटे छताकडे पाहून, मान हलवून मग टाकलेला पास समोरच्यांना सांगून जातो की पॉइंट इकडे अडकले आहेत. तो जोडीदारालाही काहीतरी सांगतो, आणि ती माहिती वापरण्याचा त्याला अधिकार नाही.

याच्या अगदी उलट चूक चांगल्या आधारावर गप्प बसण्याची आहे, आणि माझ्या मते क्लबच्या पातळीवर सर्वाधिक नुकसान हिनेच होते. जोडीदार २ बदाम बोलला आहे, तुमची जोडी नॉन-व्हल्नरेबल आहे (म्हणजे हात कमी पडल्यास दंड कमी बसतो), आणि तुमच्याकडे बदामचे राजा-९-७-४, इस्पिकची दोन, चौकटची दोन आणि किलवरची राणीसह पाच पाने आहेत. पाचच पॉइंट आहेत, म्हणून पास? मुळीच नाही. फ्रान्सचे जाँ-रने व्हेर्न यांनी मांडलेला आणि अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांनी १९९२ मध्ये पुस्तक लिहून लोकप्रिय केलेला एकूण हातांचा नियम इथे कामी येतो: दोघांची मिळून हुकमाची जितकी पाने, तितक्या हातांपर्यंत बोलत जावे. त्याची सहा आणि तुमची चार, म्हणजे दहा. म्हणून थेट ४ बदाम. समोरच्यांनी डबल म्हणून दंड वाढवला आणि दोन हात कमी पडले, तर ३०० गुण जातात. समोरच्यांचा ४ इस्पिकचा गेम ते नॉन-व्हल्नरेबल असताना ४२० आणि व्हल्नरेबल असताना ६२० चा असतो. मात्र तुम्ही व्हल्नरेबल असाल, तर तेच दोन हात ५०० ला आणि तीन हात ८०० ला पडतात, म्हणून तिथे एक पायरी खाली थांबलेले बरे.

इथे महत्त्व 'थेट' या शब्दाला आहे. पुष्कळ जण आधी ३ बदाम बोलतात, समोरून ३ इस्पिक आले की मग ४ बदाम, आणि ४ इस्पिक आले की ५ बदाम. हप्त्याहप्त्याने बोलल्यामुळे समोरच्यांना एकमेकांचा अंदाज घ्यायला ऐसपैस जागा मिळते, म्हणजे प्रीएम्प्टचा उद्देशच फसतो. जिथवर जायचे ते एकदाच जा आणि नंतर तोंड बंद ठेवा.

जोडीदार ३ किलवर किंवा ३ चौकट बोलला, तर ३ नो ट्रंपचा (हुकमाविना नऊ हातांचा) विचार करताना आधी त्याच्या रंगातली आपली पाने पाहा. चौकटचे राजा-६ आणि बाकी तीन रंगांचे एक्के असतील, तर त्याच्या एक्का-राणी-गुलामवाल्या सात पानांचे सात हात निघतात. चौकटचे एकही पान नसेल, तर १८ पॉइंटवरही डमीतली ती रांग नुसती पाहत बसावी लागते.

कमकुवत दोनवर २ नो ट्रंप ही जोडीदाराच्या पानांची चौकशी करणारी बोली असते; ती विचारण्याआधी तिची उत्तरे काय ठरली आहेत, हे दोघांना माहीत हवे. एका संध्याकाळी, फार न खेळलेल्या जोडीदाराच्या २ इस्पिकवर मी २ नो ट्रंप विचारले आणि त्याने ३ चौकट दिले. मी ओगस्ट ही उत्तरांची पद्धत धरून चाललो होतो. त्यात ३ चौकट म्हणजे पॉइंट कमी, रंग चांगला. मी ३ इस्पिकवर थांबलो. त्याच्या हिशेबी ते उत्तर होते, 'माझी पाने वरच्या टोकाची आहेत आणि चौकटमध्ये राजा आहे.' दहा हात झाले, आम्हाला १७० मिळाले आणि बाकीच्या टेबलांवर ४२० लिहिले गेले.

शेवटी जागेची बाब. तिसऱ्या जागेवरून, दोघांच्या पासनंतर केलेला प्रीएम्प्ट पाच पानांवरही असू शकतो, म्हणून तिथे आधार मोजताना एक पान कमी धरा. चौथ्या जागेवरचा २ इस्पिक मात्र कमकुवत नसतोच. तिथे नुसता पास करून डाव संपवता आला असता. तरी जो बोलतो, त्याच्याकडे सहा चांगली पाने आणि साधारण १० ते १३ पॉइंट असतात.