बंगालीत लग्नाची मागणी कशी घालाल

पहिल्यांदा ‘लग्न’ हा शब्द बाजूला ठेवा. बंगालीतही तो आहे, पण ‘लॉग्नो’ म्हणजे तिथे मुहूर्ताची घटिका. आपल्याला हवा तो शब्द ‘बिये’. मागणीचं वाक्य असं: ‘तुमि कि आमाके बिये कोरबे?’

मराठी माणूस सर्वात जास्त अडखळतो तो ‘माझ्याशी’पाशी. आपण माझ्या‘शी’ लग्न करतो, म्हणून तोंडात ‘आमार शोंगे बिये कोरबे’ येतं. अर्थ कळतो, पण वाक्य परकं वाटतं. बंगालीत माणूस थेट कर्म असतो, म्हणून ‘आमाके’. घरगुती बोलण्यात त्याचं ‘आमाय’ होतं आणि ते जास्त जवळचं वाटतं: ‘आमाय बिये कोरबे?’ इथे ‘कि’ नसला तरी चालतो, फक्त शेवटी सूर वर न्या. ‘कि’ घेतलात तर तो आपल्या ‘का’सारखा शेवटी न ढकलता ‘तुमि’च्या मागोमाग ठेवा. बंगाली क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे मुलगा विचारो की मुलगी, वाक्य तेच.

‘तुमि’ मात्र तपासून घ्या. कॉलेजपासूनची मैत्री असेल तर तुमच्यात ‘तुइ’ (अगदी सलगीचं ‘तू’) चालत असेल. मग ‘आमाय बिये कोरबि?’ हेच खरं वाटेल, मुद्दाम ‘तुमि’वर यायची गरज नाही. अजून ‘आपनि’ (आदरार्थी संबोधन) चालू असेल तर मागणीची घाई करू नका. आधी ‘तुमि’पर्यंत या, तो बदलच बरंच काही सांगून जातो.

उच्चारात दोन गोष्टी सांभाळा. ‘स’ बहुतेक ठिकाणी ‘श’ होतो आणि ‘व’चा ‘ब’. म्हणून ‘भालोबाशि’, ‘भालबासि’ नव्हे. ‘जीबोन’, ‘जीवन’ नव्हे. ‘करबे’ असं लिहिलेलं दिसलं तरी म्हणायचं ‘कोरबे’.

एकदम प्रश्नावर जाऊ नका. डाकनाम, म्हणजे घरचं लाडाचं नाव, वापरायची मुभा मिळाली असेल तर त्या नावाने हाक मारा आणि म्हणा, ‘शोनो, ॲकटा कॉथा आछे.’ (ऐक ना, बोलायचंय.) मग ‘आमि तोमाके भालोबाशि. शारा जीबोन तोमार शोंगे थाकते चाइ.’ (माझं तुझ्यावर प्रेम आहे. आयुष्यभर तुझ्यासोबत राहायचंय.) सोबत राहण्याच्या या वाक्यात ‘शोंगे’ बरोबर आहे. बांगलादेशात तिथे ‘शाथे’ जास्त ऐकू येतं. एवढं झालं की थांबा, आणि मग विचारा. पाठ केलेली लांबलचक कविता नको. चार साधी वाक्यं स्वच्छ उच्चारात आली तर ती जास्त भिडतात.

उत्तर ओळखता आलं पाहिजे. ‘हॅं’ किंवा ‘कोरबो’ म्हणजे होकार. ‘भेबे देखि’ म्हणजे विचार करून बघते किंवा बघतो. तिथे पुन्हा विचारू नका. लाजून आलेलं ‘धॅत्’ हा नकार असेलच असं नाही, चेहरा बघा.

घरच्यांशी बोलताना सगळं ‘आपनि’त: ‘आमि आपनादेर मेयेके बिये कोरते चाइ.’ (मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय.) मुलाच्या घरी ‘मेयेके’च्या जागी ‘छेलेके’. पश्चिम बंगालमधल्या हिंदू घरांत जोडीदाराच्या आईवडिलांना बरेचदा ‘काकु-काकिमा’ म्हणतात. इथे नीट लक्ष द्या: ‘काकु’ म्हणायचं ते जोडीदाराच्या वडिलांना. आईला ‘काकिमा’.